अडीचचा पान्हा

१

दुपारचे अडीच वाजले की आमच्या घरात सगळं आपापल्या जागी जाऊन बसतं. भांडी घासून पालथी पडलेली असतात. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, जिन्याखालच्या गारव्यात तोंडावर पदर घेऊन आडव्या होतात. रविराज, माझा नवरा, बारामतीला एमआयडीसीत कामाला असतो. तो सातच्या आत काही येत नाही. गोठ्याचं बघणारे भिमाअण्णा जनावरांना वैरण टाकून आपल्या घरी जेवायला गेलेले असतात. निरवांगीत त्या वेळेला रस्त्यावरून एखादा उसाचा ट्रॅक्टर गेला तर गेला. नाहीतर फक्त गोठ्याचा पत्रा उन्हानं मधूनच कडकतो, तेवढाच आवाज.

मला ही वेळ फार आवडते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटायचं की मी दुःखात आहे. तसं अजिबात नाही.

मी दचकी आहे. कुकरची दुसरी शिट्टी झाल्यावर तिसरी येणार हे माहीत असतं, तरी तिसरीला हातातली पळी पडते. रविराज पाहुण्यांना सांगतो, "हिला मागून हाक मारायची झाली तर आधी फोन करून कळवावं लागतं." सगळे हसतात, मीही हसते. मानसशास्त्र घेऊन बीए केलं तेही खरं तर याचसाठी, की आपण असे का हे कळावं. कळलं थोडंफार. दचकणं काही थांबलं नाही.

माझी लेक श्रेया अडीच महिन्यांची झाल्यावर मी माहेराहून, निमगाव केतकीहून, इकडं परत आले. त्याच आठवड्यात आमची शेवंती व्याली. गोठ्यातल्या बाकीच्या सहा गाई संकरित. त्यांना मशीन लावलं की त्या मुकाट दूध देतात. शेवंती एकटी गीर, तांबडी, लांब कानांची, आत्यांची लाडकी. तिला गोऱ्हा झाला आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. शेवंतीनं पान्हा चोरला. कास तटतटलेली, पण सडाला हात लावला की लाथ.

भिमाअण्णांनी जुन्या लोकांचा उपाय केला. गोऱ्ह्याचं कातडं मीठ लावून वाळवलं, त्यात उसाचं पाचट भरलं आणि चार काठ्यांचे पाय करून ते शेवंतीसमोर उभं केलं. डोळ्यांच्या जागी शिवण होती. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दचकले हे वेगळं सांगायला नको. शेवंती मात्र त्याला चाटायला लागली आणि तिच्या सडांतून दूध गळायला लागलं.

२

"असं रोज रोज ते भूत उभं करायचं का?" मी आत्यांना विचारलं.

"मग काय गाईला तुजी डिग्री दावायची?"

तिथून ते सुरू झालं. मी त्यांना समजावलं, की गाईला आधी एक आवाज ऐकवायचा. तो आवाज झाला की लगेच वासरू समोर आणायचं, पेंड द्यायची. रोज त्याच वेळी, त्याच क्रमानं. पंधरा दिवसांत नुसत्या आवाजानं पान्हा फुटेल, वासरू लागणारच नाही. कॉलेजात सरांनी फळ्यावर लाळ गाळणारा कुत्रा काढून हेच शिकवलं होतं.

आत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ह्यात नवीन काय हाय गं? तुजा सासरा फाटकात मोटारसायकल बंद करायचा, तवर माजी भाकरी तव्यावर पडल्याली असायची. त्यांना जाऊन चार वर्सं झाली, अजून तसला आवाज आला की हात पिठात जातोय. मला कुणी कालेजात घातलं न्हवतं."



आवाज कशाचा करायचा, हा प्रश्न होता. सकाळ-संध्याकाळ गोठ्यात मशीनचा गोंगाट असतो, म्हणून मी दुपारची, अडीचची धार निवडली. श्रेयाला पाजत पाजतच मी गोठ्यात जायचे, कारण तिचीही वेळ तीच. एक हात मोकळा, आणि त्या हातात असायचं तिचं खेळणं. बारशाला माझ्या भावानं घातलेला चांदीचा खुळखुळा. तोच वाजवला.

आत्या म्हणाल्या, "लेकराची वस्तू जनावराला दावू न्हाय."

"का?"

"का ते मला म्हाईत न्हाय. दावू न्हाय एवढं म्हाईत हाय."

बाराव्या दिवशी मी गोठ्याच्या दारातूनच खुळखुळा वाजवला. पुढं काही आणलं नाही. शेवंतीनं कान टवकारले, मान वळवली आणि चारी सडांतून धारा लागल्या. मी आनंदानं ओरडले. मग छातीशी गार लागलं म्हणून खाली पाहिलं. माझं ब्लाउज भिजलं होतं. श्रेया तर घरात झोळीत झोपली होती.

आत्यांनी माझ्याकडं पाहिलं, गाईकडं पाहिलं आणि पोट धरून हसल्या. "एका खुळखुळ्यात दोन गाई शिकवल्यास की गं, सुकन्या!"

त्या दिवशी रविराजनं बारामतीहून पेढे आणले. भिमाअण्णांनी ते कातडं गोठ्याला लागून असलेल्या भुशाच्या खोलीत नेऊन टाकलं. ते किती चांगले दिवस होते.

३

त्यानंतर दोन आठवड्यांनी, एका मंगळवारी, मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसले होते. श्रेया झोळीत होती. खुळखुळा झोळीच्या कडीला बांधलेला. माझ्या डोळ्यांसमोर, न हलता.

आणि गोठ्याकडून खुळखुळ ऐकू आली.

तीन वेळा. मी वाजवायचे तशीच. तीनदा, थांबून.

घड्याळात पाहिलं. अडीच.

मी दचकले नाही. हे मला नंतर लक्षात आलं, तेव्हा मात्र चांगलीच दचकले. त्या क्षणी मला फक्त बरं वाटलं. कसं सांगू, उन्हातून घरात आल्यावर फरशीवर पाय टेकावा, तसं. खांदे सैल झाले, डोळे जड झाले, पान्हा फुटला. तांदळाच्या ताटात दोन थेंब पडले. मी पुसलेसुद्धा नाहीत.

भानावर आले तेव्हा तीन वाजायला पाच मिनिटं होती. गोठ्यात गेले, तर शेवंतीच्या खाली दूध सांडलं होतं. जेवढं असायला हवं तेवढं नव्हतं. जमीन ओली होती, बस. ती गव्हाणीकडं पाठ करून भुशाच्या खोलीच्या दाराकडं तोंड करून उभी होती. आणि रवंथ करत होती, अगदी निवांत.

४

मी माझ्या मनाला समजावलं. त्यात मी तरबेज आहे. दचक्या माणसाला तेच तर आयुष्यभर करावं लागतं.

एकतर, दोन गोष्टी पुन्हा पुन्हा जोडीनं आल्या की पहिली दिसल्यावर दुसरी नसतानाही ऐकू येते. यावर प्रयोग झालेले आहेत. दुसरं, ठरलेली वेळ हीच एक खूण बनते. गाईला वेळ कळते, बाईच्या शरीराला तर कळतेच. रोज अडीच वाजता जे होत आलं ते आजही झालं. यात गूढ काय?

रविवारी रविराज घरी होता. त्याला मी अडीचच्या आधी गोठ्यात नेऊन उभं केलं.

"काय ऐकायचं हाय नेमकं?"

"गप्प बस ना जरा."

खुळखुळ आली. तीनदा. पत्र्याच्या आतून. शेवंतीच्या धारा सुटल्या. मी भिंतीला टेकले.

"आयला," रविराज म्हणाला, "गाईला घड्याळ कळतंय!"

"आवाज?"

"कसला आवाज? पत्रा कडकला तो?" मग माझ्याकडं बघून तो जरासा हसला. "आमच्या प्राध्यापकबाई उभ्या उभ्या झोपल्या. चल, चहा टाकतो मी."

खरंच त्यानं चहा टाकला. आलं जास्त झालं होतं. मी दोन कप प्याले. मला वाटलं, झालं, सुटलं कोडं.

सुटलं असतं. पण अडीचनंतर मी रिकामी व्हायला लागले होते. श्रेयाची दुपारची झोप आता लांबली होती. चार वाजता ती उठायची, छातीशी यायची, ओढायची, ओढायची आणि चिडून तोंड सोडायची. पुन्हा दूध भरायला रात्र व्हायची. महिन्याच्या वजनाला अंगणवाडीत नेलं. तिथल्या सेविका मनिषाताईंनी तिला काट्यात ठेवलं, तक्त्यावर टिंब दिलं आणि पेन तसंच धरून ठेवलं.

"गेल्या वेळी पाच किलो चारशे होती."

"आता?"

"पाच चारशे पन्नास. महिन्यात पन्नास ग्रॅम, सुकन्याताई. हिरव्या पट्ट्याच्या कडेला आली पोरगी. दूध पुरतंय न्हवं?"

"खूप येतं," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते.

"मग जातंय कुठं?"

५

मी ठरवलं, सवय विझवायची. शिकवलेलं विसरायला लावता येतं. खूण आली आणि तिच्यामागून काहीच आलं नाही, असं पुरेसे दिवस झालं की खुणेतला जीव जातो. अडीच वाजता गोठ्याकडं फिरकायचं नाही. स्वयंपाकघराचं दार लावायचं. छातीवर घट्ट पंचा बांधायचा आणि श्रेयाला चारला पाजायचं.

आधी भिमाअण्णांना म्हणाले, "अण्णा, ते भुशातलं वासरू तेवढं टाकून द्या कुठंतरी."

त्यांनी वैरणीचा भारा खाली ठेवला. "कवाच पुरलं की वहिनी. पेढं खाल्लं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. भुशाला वास मारायला लागला हुता."

"पुरलं? कुठं?"

"बांधाला. का वं?"

"काही नाही," मी म्हणाले.

पहिल्या दिवशी अडीच वाजता आवाज आला. मी ओठ दाबून बसले. पंचा भिजला, पण थोडाच. दुसऱ्या दिवशी आवाज तीनदा नाही, सातदा आला. तिसऱ्या दिवशी मोजता येईना. चौथ्या दिवशी तो गोठ्यात नव्हता, अंगणात होता. हौदाच्या आसपास. पाचव्या दिवशी दाराच्या पलीकडं, खाली, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर. घाईघाईनं, न थांबता, जसं कुणी रागावून वाजवतं. झोळीतून श्रेया आवाजाकडं मान वळवून बघत होती. तिला मजा वाटत होती.

मला तेव्हा सरांचा दुसरा तास आठवला. कुत्र्याचा नाही, उंदराचा. पिंजऱ्यात दांडी असते. उंदरानं ती दाबली की दाणा पडतो. दोन-चारदा असं झालं की उंदीर शिकतो. मग तुम्ही दाणा बंद करा. उंदीर लगेच सोडून देत नाही. आधी तो वेड्यासारखा दांडी दाबायला लागतो. जास्त वेळा. जास्त जोरात. विझायच्या आधी एकदा भडकतो.

मी इतके दिवस समजत होते, की गाय शिकली आणि तिच्याबरोबर चुकून मी शिकले. पण भडकत होतं ते आमच्यातलं काहीच नव्हतं. भडकत होता आवाज. दाराबाहेर जे होतं तेही शिकलेलं होतं. त्याला कळलं होतं, की हे वाजवलं की दूध मिळतं. मी वाजवताना त्यानं बारा दिवस बघितलं असणार.

त्याची दांडी म्हणजे तो खुळखुळा होता. आणि दाणा मी.

दार खालच्या बाजूनं हललं. जोरात नाही. वासरू गाईच्या कासेला डोकं मारतं ना, पान्हा सोड म्हणून, तसं. एकदा. मग पुन्हा.

आणि माझा पान्हा फुटला. पंचा, पदर, मांडी, सगळं. मी भिंतीला डोकं टेकून बसले आणि मला इतकं, इतकं बरं वाटलं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी श्रेयाला घेऊन माहेरी गेले. आत्यांना म्हणाले, आईची तब्येत बरी नाही. त्यांनी डोळ्यांत बघितलं आणि म्हणाल्या, "जा. टोपडं घे पोरीला, वारं लागंल."

निमगावात अडीच वाजले. काही ऐकू आलं नाही. बाजारचा दिवस होता, रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न, आणि प्रत्येक हॉर्नला मी दचकत होते. जुनी मी परत आले होते. वाटलं, ठीक आहे, दचकू दे. सुटले ना.

पण दूध आलं नाही.

अडीचला नाही, चारला नाही, रात्री नाही. छाती दगडासारखी झाली होती. आईनं गरम पाण्यानं शेकलं. आळिवाची खीर केली, शतावरी आणली. श्रेया ओढायची आणि थेंब येत नव्हता. डॉक्टरांनी पावडरचं दूध लिहून दिलं. बाटलीचं निपल तोंडाला लागलं की ती तोंड फिरवायची. चमच्यानं पाजलं तर उलटून काढायची. दुसऱ्या दिवशी तिचं रडणं बारीक झालं. तिसऱ्या दिवशी सकाळपासून तिनं लंगोट भिजवला नाही.

"अगं असं कसं होईल?" आई हवालदिल झाली होती. "एवढी भरलेली हायेस तू!"

मी खुळखुळा काढला. बरोबर आणला होता. खोलीचं दार लावून वाजवला. तीनदा. थांबून. पुन्हा वाजवला. काहीच झालं नाही. मी वाजवलेला चालत नव्हता.

डॉक्टर म्हणाले होते, संध्याकाळपर्यंत बघा, नाहीतर सलाइन लावायला दाखल करू. एवढ्याशा हातात सुई. मी पिशवी भरायला घेतली आणि तेवढ्यात आत्यांचा फोन आला.

"शेवंतीनं दूध तोडलंय. तीन दिस झालं, वैरणीला तोंड लावंना. भुशाच्या दाराकडं बघून हंबारतीया नुसती." मग त्यांनी विचारलं, "पोरगी पितीया का?"

मी रडायला लागले.

"ये मग. अडीचच्या आत ये."

"आत्या, तिथं…"

"मला म्हाईत हाय काय हाय तितं. मी काय भैरी हाय व्हय? तुला ऐकू येतंय ते मला पदराखाली पडून रोज ऐकू येतंय." त्यांचा आवाज अगदी साधा होता, भाजीला काय आणू विचारताना असतो तसा. "आईवाचून रडतंय ते. ये."

आईनं दवाखान्याचा हट्ट धरला. मी म्हणाले, वाटेत निरवांगीत थांबते, कपडे घेते आणि तशीच दवाखान्यात जाते. भावानं मोटारसायकल काढली.

७

दोन वीसला पोचले. भावाला आत्यांनी चहाला आत बसवलं. मी श्रेयाला छातीशी धरून सरळ गोठ्यात गेले.

भुशाच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. दाराशी आत्यांनी धुतलेलं पोतं दुमडून अंथरलं होतं. त्यावर आपलं एक जुनं मऊ लुगडं. भिंतीला उशी. शेजारी पाण्याचा तांब्या. बाळंतिणीसाठी मांडतात तसं सगळं, नीट. ते बघून मी दारातच अडखळले, आणि का कोण जाणे, मायाही आली.

मी बसले. श्रेयाला उजवीकडं घेतलं. ती एवढी थकली होती की तोंडसुद्धा उघडत नव्हती. समोर शेवंती उभी होती. तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या डाव्या बाजूला असलेल्या दाराकडं.

खुळखुळा माझ्या पिशवीत होता. पिशवी घरात होती.

खुळखुळ आली. तीनदा. थांबून. आता अजिबात रागावलेली नव्हती. हळू, लाजत आल्यासारखी.

मी डोळे मिटून घेतले. हे मी ठरवून केलं. मला अजूनही वाटतं, की तेवढं एक बरोबर केलं. पान्हा फुटला. श्रेयाचा पहिला घोट मी ऐकला. दुसरा ऐकला. ती घटाघटा प्यायला लागली आणि मी देवाचं नाव घेतलं.

मग डाव्या बाजूला भुसा सरकल्यासारखा आवाज झाला. पाचटाचा होतो तसा, कोरडा. मांडीला काहीतरी टेकलं. जड नव्हतं. पोकळ होतं. गार, ओलसर नाक माझ्या दंडाला लागलं आणि हुंगत खाली गेलं. पदर बाजूला सरला. एकदा हलकंसं डोकं मारलं. मग ओढ लागली.

दुखलं नाही. तेवढं सांगते. अजिबात दुखलं नाही.

मध्येच श्रेयानं तोंड सोडलं आणि ती हसली. बाळ बाळाला बघून हसतं ना, तसं. तिचा हात माझ्या छातीवरून पलीकडं गेला. काहीतरी थोपटत राहिला. तेव्हा माझे डोळे किंचित उघडले. शपथेवर सांगते, मुद्दाम नाही. तिची एवढीशी बोटं दिसली, आणि बोटांखाली शिवण. बंद डोळ्याच्या जागी घातलेली जाड, काळ्या दोऱ्याची शिवण. ती हलत होती, पिताना गाल हलतो तशी.

मी पुन्हा डोळे मिटले.

"पाज," आत्यांचा आवाज दारातून आला. "दोगंबी पितील. बाईला दोन थानं उगीच दिलीत का?"

भावाला मी सांगितलं, दवाखान्याची गरज नाही, दूध आलं. त्यानं श्रेयाकडं पाहिलं. ती ढेकर देऊन झोपली होती. तिच्या मुठीत चार तांबडे केस होते. शेवंतीचेच असतील.

८

पुढच्या वजनाला श्रेया पाच किलो नऊशे भरली. मनिषाताईंनी टिंब दिलं आणि टाळीच वाजवली. "काय खाताय हो? आम्हालाबी सांगा!" रविराजनं तो तक्ता मोबाइलमध्ये काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. शेवंती दोन्ही वेळ बादली भरून दूध देते.

मला आता कशाचं काही वाटत नाही. मागच्या आठवड्यात रस्त्यावर ट्रॅक्टरचा टायर फुटला. भिमाअण्णा उडाले, आत्यांच्या हातातलं ताट पडलं. मी भाजी चिरत होते, चिरत राहिले. रविराज म्हणाला, "हिला काय झालं बाबा?" त्याला आनंदच झाला होता. मलाही झाला. वर्षानुवर्षं जे पुस्तकं वाचून जमलं नाही ते आपोआप झालं. रोज अडीच वाजता मी पोत्यावर बसते, डोळे मिटते, आणि जगात कुठं काही वाईट असेल असं मला वाटेनासं होतं.

तो आता जड झालाय. मांडीला कळतं. डोकं मारतो तेव्हा मी भिंतीवर आपटते. गेल्या सोमवारपासून डावीकडचं संपलं की तो थांबत नाही. उजवीकडं येतो.

पहिल्या दिवशी श्रेया रडली. दुसऱ्या दिवशी थोडी रडली. काल रडली नाही. आज तर पोतं अंथरलं, पान्हा फुटला, तिनं दोन घोट घेतले आणि आपणहून तोंड सोडून बाजूला झाली. हात पोटावर ठेवून, शहाण्यासारखी, वाट बघत राहिली. साडेपाच महिन्यांचं लेकरू. तिला थांबायला मी कधी शिकवलं नव्हतं.

त्यानं पिऊन झाल्यावर मी तिला पुन्हा लावली. काही उरलं नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघून हसले, तीही हसली.

हे लिहिताना मला समजतंय, की इथं माझ्या पोटात गोळा यायला हवा. मी मघापासून त्याची वाट बघतेय. येत नाही. उलट आत्यांनी टाकलेल्या चहाचा वास येतोय, बाहेर ऊन कलतंय, आणि घर कसं भरल्यासारखं वाटतंय.

परवा वजनाचा दिवस आहे. मनिषाताईंना मी मघाशीच निरोप पाठवला, की या महिन्यात येत नाही. बाळ छान आहे.